पावसातली वाट आणि आपली प्रवासवर्णनं

(आगाशी इथे झालेल्या व्याख्यानाचं शब्दांकन. बोलण्याच्या ओघातली वाक्यं शक्य तिथे तशीच ठेवली आहेत.)



आधी एक कबुली देऊन टाकतो. हे व्याख्यान तीन आठवड्यांपूर्वी व्हायचं होतं. त्या सकाळी नालासोपाऱ्याला रुळांवर पाणी चढलं, गाड्या थांबल्या आणि आम्ही बोरिवलीच्या फलाटावर दोन तास उभं राहून घरी परतलो. विषय होता ‘पावसाळ्यातला प्रवास’, आणि प्रवास न झाल्यामुळे विषय राहिला. तुमच्यातले काही जण छत्र्या झटकत इथे वेळेवर येऊन बसले होते, असं नंतर कळलं. त्यांची माफी मागतो. आज विरारहून बसने आलो. बोळींजच्या पुढे रस्ता कुठे आणि गटार कुठे हे फक्त ड्रायव्हरला माहीत होतं.

आम्ही म्हणजे चार-पाच जण. आमच्या मंडळाला नाव नाही, पावती पुस्तक नाही. दर पावसाळ्यात एक विषय घेतो आणि त्यावरचं हाताला लागेल ते मराठी वाचतो. यंदा ठरवलं की पावसातल्या प्रवासावर आपल्याकडे काय लिहिलं गेलंय ते बघू. वाचत गेलो आणि हळूहळू एक तक्रार जमा होत गेली. ती तक्रार तुमच्यापुढे मांडायला आलो आहोत, कारण तिची खरी साक्षीदार मंडळी याच पट्ट्यात राहतात.

तर सुरुवात इथूनच करू. तुमच्या शेजारी सोपारा आहे. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजींनी तिथला स्तूप खोदला. त्याच सुमारास अशोकाच्या एका शिलालेखाचा तुकडा तिथे मिळाला. कुठला लेख? आठवा. पुढे १९५६मध्ये भुईगावजवळ नवव्या लेखाचा तुकडा मिळाला, पण आज आम्हाला आठवा हवाय. कारण त्याचा विषय प्रवास आहे. पूर्वीचे राजे विहारयात्रा करायचे, म्हणजे शिकार, मौजमजा. अशोक सांगतो की राज्याभिषेकाला दहा वर्षं झाल्यावर तो संबोधीला, म्हणजे बोधगयेला गेला आणि तेव्हापासून धर्मयात्रा सुरू झाल्या. त्या यात्रेत काय करायचं? श्रमण-ब्राह्मणांना भेटायचं, वृद्धांना भेटायचं, दान द्यायचं आणि जनपदातल्या लोकांना भेटायचं, त्यांच्याशी बोलायचं.

म्हणजे बघा, दोन हजार दोनशेहून जास्त वर्षांपूर्वी तुमच्या या बंदरावर दगडात कोरून ठेवलं होतं की प्रवास दोन तऱ्हेचा असतो. एकात माणूस मजा बघतो, दुसऱ्यात माणसांना भेटतो. प्रवासवर्णनाची समीक्षा करायला याहून जुनी कसोटी आम्हाला तरी ठाऊक नाही. राजेसाहेबांच्या दौऱ्याची ही जाहिरातही होती, हे मान्य. पण फरक त्यांनी बरोबर पकडला होता.

आता याला पाऊस जोडा. आपल्या परंपरेत पाऊस म्हणजे मुळात प्रवास थांबवण्याचा काळ. बौद्ध भिक्षूंचा वर्षावास कसा सुरू झाला त्याची विनयातली कथा प्रसिद्ध आहे. लोक कुरकुरायला लागले, की हे श्रमण भर पावसात हिंडतात, कोवळं गवत तुडवतात, बारीकसारीक जीव पायाखाली मारतात. पक्षीसुद्धा या दिवसांत घरट्यात बसतात, यांना काय झालंय? मग बुद्धांनी नियम केला की पावसात एका जागी राहा. जैन साधूंचा चातुर्मास तोच. आगाशीच्या जैन तीर्थामुळे तो तुम्हाला सांगायला नको. नर्मदेची परिक्रमा करणारेही चातुर्मासात मुक्काम करतात. मराठ्यांच्या फौजा पावसाळ्यात छावणीला असायच्या आणि दसऱ्याला सीमोल्लंघन. चिमाजी अप्पांची वसईची मोहीम १७३९च्या मे महिन्यात संपली, अगदी पावसाच्या तोंडावर.

समुद्राचंही तसंच, पण थोडं वेगळं. पहिल्या शतकात ग्रीक भाषेत लिहिलेलं ‘पेरिप्लस’ नावाचं खलाशांसाठीचं पुस्तक आहे, त्यात सोपाऱ्याचं नाव येतं. इजिप्तकडून हिंदुस्थानला यायचं तर जुलैत निघा, असं ते सांगतं. म्हणजे वाऱ्याच्या जोरावर यायचं, पण किनाऱ्याला लागायचं ते पावसाचा जोर ओसरता ओसरता. पाऊस वापरायचा, पण त्याच्या तोंडात शिरायचं नाही. हा हिशेब ज्याला जमला तो श्रीमंत झाला. ज्याला जमला नाही त्याचं नाव कुठल्याच पुस्तकात नाही.

प्रवास थांबतो तेव्हा साहित्य कुठे जातं? घरी जातं. ‘गाथासप्तशती’ घ्या. आपल्या मातीतलं, माहाराष्ट्री प्राकृतातलं, हाल सातवाहनाच्या नावावर असलेलं संकलन. त्यात वाटसरू सारखा येतो आणि त्याहून जास्त वेळा येते त्याची बायको. पावसाला सुरुवात झाली, वाटा बंद होणार, आणि नवरा अजून आलेला नाही. एका गाथेत ती गळक्या छपराखाली मुलाच्या अंगावर आपलं डोकं वाकवते, म्हणजे थेंब तिच्यावर पडतील आणि पोर कोरडं राहील. पण तिच्याच आसवांनी ते भिजतंय, हे तिच्या लक्षात येत नाही. यात प्रवास कुठेच दिसत नाही, तरी सगळी गाथा प्रवासाचीच आहे. वाटेवर गेलेल्या माणसाची किंमत घरी कोण मोजतं, ते दोन ओळींत सांगितलंय. आम्ही ही गाथा वाचली आणि पुढची पाच मिनिटं कोणी बोललं नाही. आमच्यातल्या एकाच्या घराचं छप्पर खरंच गळतं, हे एक कारण असेल.

‘मेघदूता’तही माणूस बसलेलाच आहे. यक्ष रामगिरीवर, म्हणजे आपण नागपूरजवळचं रामटेक मानतो तिथे, शाप भोगतोय. त्याला हलता येत नाही. पावसाळ्यात प्रवास करू शकेल असा एकच जण त्याला सापडतो, तो म्हणजे ढग. मग त्याला तो वाट सांगतो: इथे विसावा घे, या नदीचं पाणी पी, इथे थोडं बरस म्हणजे हलका होशील, उज्जयिनीसाठी वाट वाकडी करावी लागली तरी कर. ती माहिती अगदी वाटाड्याची आहे. खालून पथिकांच्या बायका केस बाजूला सारून ढगाकडे आशेने बघतात, कारण ढग आला म्हणजे नवरे परतणार. चिंतामणराव देशमुखांपासून कुसुमाग्रज, शांता शेळके यांच्यापर्यंत मराठीत ते पुन्हा पुन्हा का उतरवावंसं वाटलं, याचं एक कारण आम्हाला हेही वाटतं: पावसात अडकून पडणं आपल्याला आतून ओळखीचं आहे.

इथवर आमची काही तक्रार नाही. थांबलेल्या माणसाने वाटेवरच्या माणसाबद्दल लिहिणं, हे खरं साहित्य आहे. तक्रार पुढची आहे. रस्ते झाले, रेल्वे आली, एस.टी. आली. पाऊस आता थांबायचा काळ राहिला नाही. ज्याला कामाला जायचंय त्याला जावंच लागतं. पण लिहिणाऱ्याची बैठक मात्र जुनीच राहिली. तो अजून खिडकीतच बसलाय. फक्त खिडकी आता गाडीची झाली.

दर जूनला छापून येणारे वर्षासहलींवरचे लेख आम्ही या वर्षी मुद्दाम जमवले. वीस लेख समोर ठेवले आणि खेळ म्हणून शब्द मोजले. हिरवा शालू, हिरवा गालिचा, दुधाळ धबधबे, धुक्याची दुलई, वाफाळता चहा, कांदाभजी. (हशा) हसा, पण विचार करा. ठिकाणाचं नाव झाकलं तर माळशेज कुठला, आंबोली कुठली आणि तुमच्या शेजारचं तुंगारेश्वर कुठलं, सांगता येणार नाही. आणि हे कुठल्या भाषेत घडतंय? ज्या भाषेत पावसाच्या जवळजवळ दर पंधरवड्याला वेगळं नाव आहे. पुनर्वसूचा तो तरणा पाऊस, पुष्याचा म्हातारा, मघाचा सासूंचा, पूर्वाचा सुनांचा, हस्ताचा हत्तीचा. झड वेगळी, सर वेगळी, भुरभुर वेगळी, उघडीप वेगळी. ही नावं नटवण्यासाठी नव्हती. कुठल्या पावसात ओढा ओलांडायचा आणि कुठल्या पावसात अलीकडेच बसून राहायचं, हे त्या नावांत होतं. त्या शब्दसंपत्तीतून आमच्या सहललेखकांनी उचललं काय, तर ‘रिमझिम’.

कोणी म्हणेल, अहो, करमणुकीचा लेख आहे, कशाला इतकं ताणता? आम्ही ताणतो, कारण भाषा नुसती कंटाळवाणी असती तर सोडून दिलं असतं. ती धोकादायक आहे. ३० जून २०२४ला लोणावळ्यात भुशी धरणामागच्या धबधब्यात एकाच कुटुंबातले पाच जण वाहून गेले. त्यांनी लेख वाचून सहल काढली असं आम्ही म्हणत नाही. पण वर डोंगरात पाऊस वाढला की खाली प्रवाह काही मिनिटांत चढतो, पाण्याचा रंग मातकट होतो, काटक्या-पाचोळा वाहून यायला लागतो, ही तीन वाक्यं त्या वीस लेखांपैकी एकाही लेखात नव्हती. धबधब्याचं वर्णन प्रत्येकात होतं. पाणी कसं वागतं, ते एकातही नव्हतं. अशोकाच्या भाषेत, निव्वळ विहारयात्रा.

आता परदेशी पुस्तकाकडे एक फेरी मारू, कारण ते चांगलं आहे आणि तरीही आमचं त्याच्याशी भांडण आहे. अलेक्झांडर फ्रेटर यांचं ‘चेसिंग द मान्सून’, १९९०चं. हा गृहस्थ १९८७ साली तिरुवनंतपुरमला पावसाच्या स्वागताला उभा राहिला आणि त्याच्या मागेपुढे धावत गोवा, मुंबई, दिल्ली, कोलकाता करत चेरापुंजीपर्यंत गेला. चेरापुंजीच्या परवान्यासाठी सरकारी कचेऱ्यांत घातलेल्या खेपा हा त्या पुस्तकातला उत्तम विनोद. वर्ष असं निवडलं गेलं की देशाच्या मोठ्या भागात दुष्काळ पडला. त्यामुळे पाऊस ही हमी नाही, जुगार आहे, हे त्याला आपोआप सापडलं. माणसं भेटतात, बोलतात. अशोकाने पास केलं असतं.

पण त्याचा विषय आहे आगमन. केरळात १ जूनच्या आसपास, मुंबईत ११ जूनच्या आसपास. पहिला तडाखा, पहिला वास, लोकांचा पहिला आनंद. आगमन टिपलं की लेखक पुढच्या गावी. आणि आगमनानंतरचे साडेतीन महिने? कपडे वाळत नाहीत ते दिवस, भिंतीला ओल येते ते दिवस, बूट पिशवीत घेऊन अनवाणी स्टेशन गाठायचं ते दिवस? आगाशीत पावसाळा म्हणजे ११ जून नाही. आगाशीत पावसाळा म्हणजे जुलैचा तिसरा आठवडा. पाहुण्याला पाऊस ही घटना वाटते, राहणाऱ्याला ती राहणीच असते. हा फरक पुस्तक वाचताना सारखा जाणवत राहिला.

मग पावसाळ्यात चालणाऱ्या माणसाबद्दल मराठीत काहीच नाही का? आहे. इरावती कर्व्यांचा ‘वाटचाल’, ‘परिपूर्ती’ या संग्रहातला. आषाढीच्या दिंडीबरोबर त्या पायी गेल्या आणि जे दिसलं ते लिहिलं. एकाच पालखीबरोबर, एकच नाव घेत चालणारी माणसं जेवायला मात्र जातीजातीने वेगळी बसतात, हे त्यांना बोचलं आणि त्यांनी ते लपवलं नाही. ज्या प्रदेशातले लोक पंढरीला जातात तो महाराष्ट्र, ही त्यांची व्याख्या सगळे सांगतात. त्या व्याख्येच्या पोटातलं हे दुःख मात्र कमी जण सांगतात. आमच्या मते पावसाळ्यातल्या प्रवासावरचं हे सगळ्यात खरं मराठी लेखन. कारण लिहिणारी चालणाऱ्यांतली एक आहे आणि तिचा विषय पाऊस नाही, माणसं आहेत.

तरी आगाशीत उभं राहून एक गोष्ट म्हटलीच पाहिजे. वारीची वाट बघा. पुणं सोडलं, दिवे घाट चढला की सासवड, जेजुरी, लोणंद, फलटण, माळशिरस. हा सगळा पर्जन्यछायेचा मुलूख. तिथे आषाढात माणूस पायी चालू शकतो, उघड्यावर मुक्काम करू शकतो, आभाळाकडे बघून ‘अजून येऊ दे’ म्हणू शकतो. तोच आषाढ या किनाऱ्यावर म्हणजे चिखलात वाकून भाताची लावणी. तेव्हा ‘मराठी माणूस पावसात वारीला जातो’ हे जे चित्र आपण सगळ्यांच्या नावावर लावतो, ते देशावरचं चित्र आहे. किनाऱ्याच्या पावसाळी प्रवासाचं असं मोठं चित्र आपल्याकडे उभंच राहिलं नाही.

का राहिलं नाही? प्रसंग नव्हते म्हणून? छे. १७ जुलै १९४७. भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट काश्याच्या खडकाजवळ बुडाली. सहाशेहून अधिक माणसं गेली. दुसऱ्या दिवशी आषाढी अमावास्या, गटारी म्हणतो आपण, तिच्यासाठी कितीतरी जण गावी निघालेले. स्वातंत्र्याला चार आठवडे उरले होते; देशाच्या आठवणीत त्या जुलैला जागाच नव्हती. अलिबागकडच्या घरांमधून ती आठवण अजून सांगितली जाते. पण मराठी प्रवासवाङ्मयाचा इतिहास म्हणून जे शिकवलं जातं, त्यात लंडनचं धुकं आहे, हिमालयाचा बर्फ आहे. रेवसची बोट नाही. ती बोट बातमीत गेली, गाऱ्हाण्यात गेली. तिला प्रवास म्हणायचं कोणाला सुचलं नाही. सणाला घरी जाणाऱ्या गिरणी कामगाराच्या जाण्याला आपण प्रवास म्हणतच नाही. त्याला आपण म्हणतो, ‘गावी गेला.’

आणि पुढचंही तसंच. २ ऑगस्ट २०१६ला रात्री महाडजवळ सावित्रीचा जुना पूल वाहून गेला, त्याबरोबर दोन एस.टी. गाड्या गेल्या. १० जुलै २०१८ला वडोदरा एक्स्प्रेस तुमच्या नालासोपाऱ्यापाशी पाण्यात अडकली आणि माणसांना होड्यांतून बाहेर काढावं लागलं. पुढच्या वर्षी २७ जुलैला महालक्ष्मी एक्स्प्रेस वांगणीजवळ, हजारावर प्रवासी घेऊन, रात्रभर. यातल्या प्रत्येक डब्यात एक तरी लिहू शकणारा माणूस असेल. रात्री अनोळखी लोकांत पाण्याची बाटली कशी वाटली गेली, कोणी कोणाचं मूल मांडीवर घेतलं, मोबाइलची बॅटरी कोणासाठी राखून ठेवली, पाणी पायरीच्या कितव्या पट्टीवर आलं. याचं शंभर पानी पुस्तक आम्हाला आजच्या सगळ्या वर्षासहलींच्या बदल्यात चालेल.

आता तुमच्यासमोरचीच गोष्ट. अर्नाळ्याच्या किल्ल्याचं बेट. वैतरणेच्या मुखाशी. पर्यटक हिवाळ्यात जातात, बुरुज बघतात, फोटो काढतात, लेख लिहितात. पण त्या बेटावर वस्ती आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, नारळी पौर्णिमेपर्यंत मोठ्या होड्या ओढून ठेवलेल्या असतात. मग शाळा, दवाखाना, बाजार, बाळंतपण? त्यासाठी पाणी ओलांडावंच लागतं. भरती-ओहोटीचं वेळापत्रक हेच तिथलं बसचं वेळापत्रक. तसंच वैतरणा आणि सफाळ्याच्या मधलं वाढीव. तिथल्या लोकांना रेल्वेच्या पुलावरून चालत जावं लागतं, पावसात, गाडी येतेय का ते कानाने ओळखत. कारण छत्री उघडली तर वारा ओढून नेतो आणि टोपी चढवली तर ऐकू येत नाही.

आम्ही अर्नाळ्याच्या किल्ल्यावर अनेक लेख वाचले. पोर्तुगीज, पेशवे, तोफा, कमान, हत्तीचं शिल्प, गोड्या पाण्याच्या विहिरी. सगळं आहे. जुलैतली होडी एकाही लेखात सापडली नाही. एका लेखाच्या शेवटी टीप होती: ‘पावसाळ्यात जाणे टाळावे.’ पर्यटकाला हा सल्ला योग्यच आहे. पण लेखकाने ते वाक्य लिहिलं आणि ज्याला टाळता येत नाही तो माणूस त्याच्या डोळ्यांसमोर आला नाही, इथे आमचं त्याच्याशी जमत नाही.

प्रश्न विचारायला वेळ ठेवला होता. मागून एका मावशींनी विचारलंय, ‘मग लिहायचं कोणी? आम्हाला कुठे लिहिता येतं?’ मावशी, उत्तर सोपं नाही. इरावतीबाईंना लिहिता येत होतं आणि त्या चालायला गेल्या, हा एक मार्ग. दुसरा मार्ग आम्ही परवा वापरून बघितला, तो सांगतो. अर्नाळ्याच्या बंदरावर एका मासेवालीशी बोलत बसलो होतो. आम्ही विचारलं, पावसाळ्यात जाता-येता भीती नाही वाटत? त्या म्हणाल्या, भीती पाण्याची नाही, उशिराची वाटते. उशीर झाला की माणूस घाई करतं, आणि घाई केली की होडीत एक माणूस जास्त बसतं. आम्ही वहीत लिहून घेतलं. वीस लेखांत जे नव्हतं ते त्यांनी सुपाऱ्या कातरता कातरता सांगितलं. दुसरा प्रश्न, सुकेळी या दिवसांत मिळतील का? मिळाली तर गेल्या मोसमातली मिळतील, नवी करायला ऊन लागतं. हा प्रश्न आमच्यातल्याच एकाने विचारलाय, त्यामुळे तो मोजू नका.

बाहेर जोर वाढलाय. विरारची बस सव्वासातची आहे असं म्हणतात, आणि बोळींजला मघाशीच घोट्याइतकं होतं. उरलेले प्रश्न बसमध्ये घेऊ.